धरमतर खाडीतील जिताडा आणि मऊ प्लॅस्टिक आमिषाची ‘फिनेस’ पद्धत : एक विश्लेषणात्मक अभ्यास

सारांश

मऊ प्लॅस्टिकच्या किड्यासारख्या आमिषाने ‘बास’ मासा पकडण्याच्या ज्या हलक्या, संथ व संयमी पद्धती आहेत, त्यांना इंग्रजीत ‘फिनेस’ ही संज्ञा आहे. या पद्धती अमेरिका व जपान येथील गोड्या, नितळ पाण्याच्या तलावांत विकसित झाल्या. पेण तालुक्यातील डोलवी परिसराला लागून असलेल्या धरमतर खाडीत मात्र पाणी गढूळ, निमखारे आणि भरती-ओहोटीने सतत वाहते असते. येथील ‘बास’ म्हणजे जिताडा होय. प्रस्तुत लेखात जिताड्याची भक्ष्य टिपण्याची क्रिया, मऊ आमिषाचे गुणधर्म आणि खाडीचे भरती-चक्र यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. खाडीतील नाजूकपणा हा दोऱ्याच्या बारीकपणापेक्षा वेळ, जागा व गती यांच्या निवडीत असतो, तसेच मोठा जिताडा बहुधा मादी असल्याने पकडण्याच्या कौशल्याला सोडण्याच्या कौशल्याची जोड अपरिहार्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाचे शब्द : जिताडा, धरमतर खाडी, मऊ प्लॅस्टिक आमिष, फिनेस पद्धत, उधाण, भांग, खारेपाट.

१. प्रस्तावना

गळाने मासे धरणे हे कोकणच्या किनाऱ्यावर नवीन नाही. ‘गरवायला जाणे’ हा शब्दप्रयोग खाडीकाठच्या गावांत आजही रूढ आहे. बांधावर बसून तंगुसाला गरी बांधणे, तिला कोळंबी किंवा बोईट लावणे आणि पाणी फिरण्याची वाट पाहणे हे येथील परंपरागत तंत्र होय. गेल्या काही दशकांत त्यात रीळ, लवचीक काठी आणि कृत्रिम आमिषे यांची भर पडली. या कृत्रिम आमिषांत मऊ प्लॅस्टिकच्या आमिषाचे स्थान वेगळे आहे. ते लाकडी किंवा धातूच्या आमिषाप्रमाणे स्वतः होऊन फारशी हालचाल करीत नाही. त्याला जिवंतपणा देण्याचे काम माणसाच्या मनगटाला आणि पाण्याच्या प्रवाहाला करावे लागते.

या विषयावरील उपलब्ध लेखन प्रामुख्याने परदेशातील तलावांना अनुसरून झाले आहे. तेथील नियम जसेच्या तसे धरमतर खाडीत लागू केल्यास अपयश येण्याचा संभव अधिक. म्हणून त्या नियमांमागील कारणे समजून घेऊन त्यांची स्थानिक परिस्थितीशी सांगड घालणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) फिनेस पद्धतीमागील शास्त्रीय तत्त्वे स्पष्ट करणे.
२) जिताड्याच्या जीवनक्रमाच्या व आहारसवयींच्या संदर्भात या तत्त्वांची उपयुक्तता तपासणे.
३) धरमतर खाडीतील भरती-ओहोटीचा या पद्धतीवरील परिणाम मांडणे.
४) या पद्धतीच्या मर्यादा व पर्यावरणीय जबाबदाऱ्या निदर्शनास आणणे.

३. अभ्यासक्षेत्र

डोलवी हे गाव रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या पूर्वेकडील पट्ट्यात वसलेले आहे. सह्याद्रीत उगम पावलेली अंबा नदी पाली व रोहा तालुक्यातील नागोठणे या गावांवरून वाहत येऊन या खाडीस मिळते. खाडीचे मुख रेवसजवळ मुंबई बंदराच्या पाण्यात उघडते. आज डोलवीची ओळख पोलाद प्रकल्प व मालवाहू बार्जेस यांमुळे असली, तरी या परिसराची मूळ रचना खारेपाटाची आहे. खाडीच्या पाण्यापासून भातशेती वाचविण्यासाठी घातलेले मातीचे बांध, पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधलेल्या उघाड्या, बांधाला खांड पडल्यावर पाण्याखाली गेलेली व पुढे कांदळवनाने व्यापलेली जमीन, आणि घराशेजारचे तलाव ही या भूप्रदेशाची वैशिष्ट्ये होत. पेण-अलिबागच्या खारेपाटात अशा तलावांत खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले वाढविण्याची प्रथा जुनी आहे. पाहुण्याच्या ताटात जिताड्याची तुकडी असणे हा या भागात आदरातिथ्याचा मानदंड मानला जातो.

४. ‘बास’ म्हणजे कोणता मासा?

अमेरिकेत ज्यास ‘ब्लॅक बास’ म्हणतात, तो सेंट्रार्किडी कुळातील गोड्या पाण्यातील मासा आहे. भारतीय पाण्यात तो मूळचा नाही. जिताडा हा लॅटिडी कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव लेट्स कॅल्करीफर असे आहे. मार्कस ब्लॉख या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७९० मध्ये त्याचे वर्णन केले. व्यापारात व मत्स्यशास्त्रात त्यास ‘एशियन सी बास’ म्हटले जाते. बंगालमध्ये तो भेटकी, तमिळनाडूत कोडुवा आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी या नावाने ओळखला जातो.

दोन्ही मासे भिन्न कुळांतील असले तरी त्यांच्या शिकारीच्या रीतीत लक्षणीय साम्य आहे. दोघेही भक्ष्याचा लांबवर पाठलाग करीत नाहीत. बुडालेले खोड, खांब, मुळे अथवा प्रवाहातील आडोसा यांच्या आधाराने दबा धरून बसणे आणि जवळ आलेले भक्ष्य क्षणात गिळणे, ही दोघांचीही पद्धत होय. याच साम्यामुळे बाससाठी विकसित झालेले तंत्र जिताड्याच्या संदर्भात विचारात घेण्याजोगे ठरते.

५. जिताड्याची जीवशास्त्रीय वैशिष्ट्ये

५.१ भक्ष्य टिपण्याची क्रिया : जिताडा भक्ष्याचा चावा घेत नाही, तर त्यास ओढून घेतो. तोंड व कल्ले एकदम फाकल्याने मुखपोकळीचे आकारमान अकस्मात वाढते, आतील दाब घटतो आणि समोरचे पाणी भक्ष्यासह आत खेचले जाते. ही क्रिया सेकंदाच्या काही शतांश भागात पूर्ण होते. पृष्ठभागावर ती घडली तर मोठा पोकळ आवाज ऐकू येतो.

५.२ संवेदना : त्याच्या डोळ्यांतील प्रकाश परावर्तित करणाऱ्या थरामुळे त्यास अंधुक प्रकाशातही दिसते. रात्री उजेड पडल्यास त्याचे डोळे तांबूस चमकतात ते याच कारणाने. याखेरीज पाण्यातील सूक्ष्म कंपने टिपणारी पार्श्वरेषा त्याच्या शरीरावरून थेट शेपटीच्या पंखापर्यंत गेलेली असते. गढूळ पाण्यात हीच त्याची प्रमुख वाटाडी होय.

५.३ कल्ल्याचे झाकण : ‘कॅल्करीफर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आर धारण करणारा’ असा आहे. कल्ल्याच्या झाकणावरील टोकदार काट्यावरून हे नाव पडले. ही कडा इतकी धारदार असते की मासा डोके झटकताना बारीक तंगूस सहज कापला जातो.

५.४ लिंगबदल : जिताडा प्रथम नर म्हणून प्रौढ होतो व पुढे त्याचे मादीत रूपांतर होते. साधारणतः दीड ते अडीच किलो वजनाचे बहुसंख्य मासे नर असतात, तर चार ते सहा किलोंच्या पुढे बहुसंख्य मासे मादी असतात. मोठी मादी एका हंगामात एक कोटीहून अधिक अंडी देऊ शकते. अंडी खाऱ्या पाण्यात, खाडी व नद्यांच्या मुखांच्या परिसरात सोडली जातात आणि पिल्ले निमखाऱ्या दलदलीत, कांदळवनात व पुढे गोड्या पाण्याकडे सरकतात. खारेपाटातील उघाड्या व खाजणे यांचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

६. मऊ प्लॅस्टिकच्या किड्याचा उगम आणि घडण

अमेरिकेतील ओहायो राज्यातील ॲक्रन येथील निक क्रीम यांनी १९४९ मध्ये गांडुळाच्या आकाराचे मऊ प्लॅस्टिकचे आमिष तयार केले आणि त्यातून या प्रकाराचा प्रसार झाला. हे आमिष बहुधा पीव्हीसीचे बारीक कण द्रवरूप मृदुकारकात मिसळून, ते मिश्रण तापवून साच्यात ओतून बनविले जाते. मृदुकारकाच्या प्रमाणावर त्याचा मऊपणा अवलंबून असतो. भिन्न प्रकारच्या प्लॅस्टिकची आमिषे एकत्र ठेवली असता ती विरघळल्यासारखी चिकटतात, याचे कारणही मृदुकारकाचे स्थलांतर हेच होय.

पुढे ज्या तलावांत मासेमारीचा ताण वाढला व पाणी नितळ होते, तेथील मासे मोठ्या, वेगवान आमिषांकडे पाठ फिरवू लागले. त्यावर उपाय म्हणून आमिष लहान करणे, वजन घटविणे, दोरा बारीक करणे आणि हालचाल मंद ठेवणे असा क्रम सुरू झाला. फिनेस पद्धतीचे हे चार आधारस्तंभ होत.

७. प्रमुख जोडण्या

टेक्सास जोडणी : गोळीच्या आकाराचे सरकते वजन दोऱ्यात ओवून, गळाचे टोक किड्याच्या अंगातच लपविले जाते. त्यामुळे गळ अडथळ्यात अडकत नाही. कांदळाची मुळे, जुने खुंट व बांधाचे दगड यांच्या लगत ही जोडणी सर्वांत उपयुक्त ठरते.

ड्रॉप शॉट : वजन दोऱ्याच्या टोकाला व गळ त्याच्या सुमारे एक वीत ते एक हात वर असतो. वजन तळाशी राहते आणि आमिष चिखलाच्या वर तरंगत थरथरते. जपानमध्ये रुजलेली ही रीत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लोकप्रिय झाली.

वॅकी जोडणी : गळ किड्याच्या मधोमध टोचला जातो. बुडताना दोन्ही टोके हलकेच फडफडतात. संथ पाण्यात ती परिणामकारक असते, वाहत्या पाण्यात मात्र तिचा तोल राहत नाही.

वजनदार डोक्याचा गळ : गळाच्या मानेशीच शिशाचा किंवा टंगस्टनचा गोळा असतो. कॅन्ससचे लेखक नेड केहडी यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘नेड’ जोडणी याच जातीची आहे. जिताड्यासाठी या गळावर किड्याऐवजी कोळंबीच्या आकाराचे किंवा वल्ह्यासारखी शेपटी असलेले मऊ आमिष अधिक शोभते, कारण कोळंबी, बोईट व लहान मासे हेच त्याचे नित्याचे अन्न आहे.

८. तत्त्वांची कारणमीमांसा

हलके आमिष का? आत खेचल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर हलके आमिष सहज जाते. जड आमिष मागे रेंगाळते. दोरा ताठ असेल तर तोही आमिषास रोखतो. अशा वेळी मासा तोंड उघडतो, आवाज होतो, परंतु गळ लागत नाही. यास्तव दोऱ्यात किंचित ढील ठेवणे हा आळस नसून माशाच्या भक्षणक्रियेस दिलेला वाव आहे.

मऊ आमिष का? कठीण वस्तू तोंडात येताच मासा ती थुंकतो. मऊ आमिष तो अंमळ अधिक वेळ धरून ठेवतो, असा गळकऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. हा वाढलेला क्षण गळ बसविण्यास पुरेसा ठरतो.

मंद हालचाल का? गढूळ पाण्यात मासा भक्ष्य दुरून पाहू शकत नाही. त्याने आमिषाचा माग काढावा यासाठी आमिष त्याच्या आवाक्यात टिकून राहिले पाहिजे. थांबा, हलका झटका, पुन्हा थांबा अशी लय कोळंबीच्या हालचालीशी जुळते. थंडीत पाण्याचे तापमान उतरले की जिताड्याची भूकही मंदावते. तेव्हा विराम आणखी लांबवावा लागतो.

बारीक दोरा का नको? नितळ तलावात दोरा दिसू नये म्हणून तो बारीक घेतात. धरमतरच्या पाण्यात हा हेतू गौण ठरतो आणि कल्ल्याची धार हा धोका मुख्य ठरतो. म्हणून मुख्य दोरा विणीचा व तुलनेने बारीक ठेवून त्याच्या टोकाला सुमारे १५ ते २० किलो ताकदीचा, घर्षण सोसणारा जाड तंगूस जोडणे इष्ट. येथे फिनेसचा एक स्तंभ बाजूला ठेवावा लागतो, आणि तसे करणे हीच परिस्थितीची योग्य जाण होय.

९. भरती-ओहोटी : पद्धतीचा कणा

तलाव व खाडी यांतील खरा भेद प्रवाहाचा आहे. दोऱ्यावर व आमिषावर पडणारा पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. अशा दिवशी पाच-सहा ग्रॅमचे वजन भर प्रवाहात तळाला टेकत नाही आणि वजन वाढविल्यास पद्धतीचा मूळ हेतूच नष्ट होतो.

यावर उपाय पंचांगात आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भांगाच्या दिवसांत पाण्याचा चढउतार कमी, प्रवाह मंद आणि ढवळलेला गाळही कमी असतो. हलक्या आमिषासाठी हे दिवस सर्वांत अनुकूल होत. उधाणाच्या दिवशी मात्र पाणी फिरण्याच्या आधीची व नंतरची अल्प वेळ किंवा प्रवाहाच्या आड असलेले भोवरे यांपुरतीच ही पद्धत मर्यादित राहते.

भरतीची वेळ काढण्याचा ‘तिथीची पाऊणपट’ हा किनाऱ्यावरील जुना हिशेब येथे उपयोगी पडतो. चतुर्थीस चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास. भरती दररोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकते, या निरीक्षणावर हा हिशेब आधारलेला आहे. खाडीच्या आतील भागात पाणी चढण्यास थोडा विलंब लागतो, तो त्यात मिळवावा लागतो.

जागेची निवडही भरतीशी निगडित आहे. ओहोटीच्या उत्तरार्धात खाजणातील व शेतांतील पाणी उघाड्यांतून, लहान नाळींतून मुख्य खाडीत उतरते. त्याबरोबर करंदी, कोळंबी व लहान बोईट बाहेर येतात. दबा धरणाऱ्या माशासाठी ही आयती पंगत होय. अशा मुखाच्या बाजूला, प्रवाह व संथ पाणी यांच्या सीमारेषेवर आमिष टाकून ते प्रवाहाबरोबर स्वाभाविकपणे वाहू देणे हे खाडीतील फिनेसचे सार म्हणता येईल. परंपरेने गरवणारा माणूस जिवंत कोळंबी लावून नेमके हेच करीत आला आहे. साधन बदलले तरी ज्ञान तेच आहे.

१०. मर्यादा आणि जबाबदाऱ्या

१०.१ खोलवर गिळला जाणारा गळ : संथ पद्धतीत मासा आमिष आत घेऊन थांबतो, त्यामुळे गळ घशात रुतण्याची शक्यता वाढते. दोऱ्यावर सतत बोट ठेवणे, चाहूल लागताच गळ बसविणे आणि गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकणे हे त्यावरील साधे उपाय आहेत. गळ खोल गेला असल्यास तो ओढून न काढता तंगूस तोंडाशी कापावा.

१०.२ मोठी मादी : पाच-सहा किलोंपुढचा प्रत्येक जिताडा ही बहुधा अनेक वर्षे जगून मादी झालेली मासोळी असते. ती पकडणे हा अभिमानाचा क्षण असला तरी ती गेली म्हणजे पुढील पिढीचा मोठा वाटा गेला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने यास्तव ५८ सेंटीमीटरहून लहान तसेच १२० सेंटीमीटरहून मोठा जिताडा ठेवण्यास मनाई केली आहे. लहानांना नर म्हणून व मोठ्यांना मादी म्हणून प्रजननाची संधी मिळावी, हे त्यामागील तत्त्व होय. छंद म्हणून मासे धरणाऱ्याने हे तत्त्व स्वेच्छेने पाळण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मोठा मासा जबड्याने उभा लटकावू नये. ओल्या हातांनी पोटाखाली आधार देऊन आडवा धरावा व शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडावा.

१०.३ प्लॅस्टिकचा अवशेष : तुटलेले मऊ आमिष खाडीत कुजत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रूक ट्राउट माशावरील एका प्रयोगात माशांनी अशी आमिषे आपणहून गिळल्याचे व त्यांच्या वाढीवर अनिष्ट परिणाम झाल्याचे आढळले. फाटलेला प्रत्येक तुकडा परत आणणे आणि शिशाऐवजी शक्य तेथे टंगस्टन वापरणे हे किमान कर्तव्य ठरते. टंगस्टनची घनता शिशापेक्षा बरीच अधिक असल्याने तेवढ्याच वजनाचा गोळा आकाराने लहान होतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

१०.४ उपजीविकेचा प्रश्न : खाडीतील डोल, पाग व गळ यांवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. छंदाची मासेमारी त्यांच्या जाळ्यांच्या जागांपासून दूर राहिली पाहिजे. जिताड्याच्या बीजासाठी केवळ खाडीवर अवलंबून राहण्याची आता गरज उरलेली नाही. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त स्थितीत या माशाचे प्रजनन यशस्वी केले आणि संवर्धनगृहातील बीजाचा मार्ग खुला झाला. खारेपाटातील तलावांसाठी असे बीज वापरल्यास खाडीवरील ताण हलका होऊ शकतो.

११. निष्कर्ष

१) फिनेस पद्धतीचे यश आमिषाच्या नाजूकपणात नसून माशाच्या भक्षणक्रियेशी साधलेल्या सुसंगतीत आहे.
२) धरमतर खाडीत बारीक दोऱ्याचे तत्त्व गैरलागू असून हलके वजन, मंद गती व ढील ही तत्त्वे लागू पडतात.
३) भांगाचे दिवस, पाणी फिरण्याची वेळ आणि ओहोटीतील उघाड्यांची मुखे यांची निवड हाच येथील पद्धतीचा कणा आहे.
४) या निवडीस लागणारे ज्ञान खाडीकाठच्या समाजाकडे तिथी, उधाण व भांग या शब्दांत पूर्वीपासून साठविलेले आहे.
५) जिताड्याच्या लिंगबदलामुळे मोठा मासा सोडून देणे हा या तंत्राचाच एक भाग मानला पाहिजे.

१२. शिफारशी

खाडीकाठच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, भूगोल, भौतिकशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावा असा हा विषय आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील उघाडीवर तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा गढूळपणा आणि मिळालेल्या जिताड्याची लांबी यांची वर्षभर नोंद ठेवल्यास अल्प खर्चात मौलिक सामग्री जमा होईल. त्याचबरोबर गरवणाऱ्या वृद्धांच्या तोंडचे शब्द व हिशेब लिहून ठेवणेही तितकेच निकडीचे आहे. बांध फुटल्यास तो पुन्हा घालता येतो. परंतु कोणत्या तिथीला, कोणत्या उघाडीपाशी जिताडा येतो हे जाणणारा माणूस गेला की ते ज्ञान परत मिळत नाही.